चोरखिसा

शाळेत फोनचं कपाट आलं, त्याच संध्याकाळी कात्री शिंपिणीच्या दुकानात पहिली आई आली. दारातच थांबली, मागे वळून गल्ली न्याहाळली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक नाजूक काम होतं."

नाजूक काम म्हणजे चोरखिसा. मुलीच्या शाळेच्या स्कर्टला, कमरपट्ट्याच्या खाली, अस्तराच्या आत, फोन मावेल एवढा.

"कुणाला कळता कामा नये हं," ती बाई म्हणाली. "मी काही नियम मोडणाऱ्यातली नाही. पण काळजी वाटते हो पोरीची."

दुसऱ्या दिवशी दुसरी आली. मग एक बाप आला, तो तर बोलायलाच तयार नाही. स्कर्ट टेबलावर टाकला आणि नुसतं बोटाने दाखवलं, इथे. प्रत्येकाला वाटायचं की ही अक्कल जगात आपल्यालाच सुचली. आणि पालकसभेत हेडसरांनी "आजपासून मुलांचे फोन सकाळी कपाटात, शाळा सुटल्यावर परत" असं जाहीर केलं, तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या होत्या? यांनीच! हात लाल होईपर्यंत.

कात्री गुपचूप शिवून द्यायची. तिला कात्री म्हणायचे ते शिवणकामामुळे की जिभेमुळे, हे गल्लीत कुणी नक्की सांगू शकलं नसतं. पण या कामात जीभ आवरावी लागे, कारण त्या शाळेच्या सगळ्या गणवेशाचं काम तिच्याकडेच होतं. वर्षभराची चूल त्यावर पेटायची. नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच चहा मागायचा. तेव्हा शाळेला कळून चालणार नव्हतं. पण आलेल्या आईला नाही तरी कसं म्हणायचं? खिसा मात्र ती असा शिवायची की वरून हात फिरवला तरी लागू नये. तोंडावर तिरकी झडप, आणि दोन्ही कोपऱ्यांवर बारीक त्रिकोणी टीप, म्हणजे वजनाने उसवू नये. ती त्रिकोणी टीप तिची स्वतःची. दुसरं कुणी तशी घालत नसे.

कपाटाची किल्ली होती सुपरवायझर बाईंकडे. पोरं त्यांना चाळणी म्हणायची, कारण फाटकावर उभ्या राहून त्या एकेकाचं दप्तर असं चाळायच्या की त्यातून पेन्सिलीचा तुकडाही सुटत नसे. हेडसर तत्त्वाचे. त्यांनी सांगून टाकलं होतं, नियम म्हणजे सगळ्यांना नियम, शिक्षकांचेही फोन कपाटातच. शिक्षकांच्या खोलीत चार दिवस कुरकूर झाली, आणि मग चाळणी कात्रीच्या दुकानात आली. शिक्षकांना शाळेचा राखाडी कोट असे, तोही कात्रीच शिवायची.

या दोघींचं कधी पटलं नव्हतं. चाळणीने आरशात बघून तोंड वाकडं केलं. "कंबरेत सैल झालाय."

"कोट नाही सैल झालेला. तुम्ही वाळलात."

"गेल्या वेळी घट्ट झाला तेव्हा म्हणालात, मी जाड झाले."

"मग? कापड थोडंच खोटं बोलतं?"

चाळणीने नाक मुरडलं. मग म्हणाली, "आणि आतून एक खिसा हवाय. डाव्या बाजूला. किल्ल्यांसाठी."

"किल्ल्यांचं माप द्या."

चाळणी जरा घुटमळली. मग पर्समधून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. "साधारण एवढं." कात्रीने एक भुवई वर केली तशी लगेच फणकारली, "घरी आई अंथरुणाला खिळलीये माझी. फोन हाताशी लागतो."

"मी काही विचारलं का?" कात्री म्हणाली आणि टेप लावून माप घेतलं. कोट झाला की कळवायला नंबर घेतला, तो 'कोटवाली' म्हणून फोनमध्ये टाकला. बाई गेल्यावर ती एकटीच खदखदून हसली. कुंपणच शेत खात होतं, आणि वर कुंपणाला खिसाही पाहिजे होता!

तो कोट पोचवायला गेली भिंगरी. भिंगरी म्हणजे कात्रीची मुलगी, नववीतली. पायाला भिंगरी म्हणून भिंगरी. ताडमाड उंच, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान. घरामागच्या भिंतीवर बॉल आपटून आपटून तिने रंगाचे पोपडे पाडले होते आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली होती. पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती. खेळाच्या निवासी शाळेची माणसं तिथे मुली निवडायला येणार होती. भिंगरीला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतसुद्धा ती हात वर करायची.

आणि हीच एक मुलगी अशी होती की जिला चोरखिसा नको होता.

"आई, मी रोज फोन कपाटात देते. मला हा खिसा नको."

"तुला नको, मला हवाय," कात्री म्हणाली. तिने जुना फोन शोधून काढला, त्यात नवीन सिमकार्ड घातलं. "सरावाला थांबतेस, अंधार पडतो, पोचलीस का, निघालीस का, मी काय भिंतीला विचारू? चांगला फोन त्यांच्या कपाटात दे, हा खिशात ठेव."

"सापडला तर वर्षभर मैदान बंद. नियम आहे. कप्तान असली तरी."

"माझा खिसा आजवर कुणाला सापडलाय?"

भिंगरीने फोन खिशात टाकला. हिच्यापुढे बोलून कुणाचं भलं झालं होतं?

स्पर्धेला चार दिवस उरले, त्या सकाळी मात्र घरात आगडोंब उसळला. रात्री नणंदेने एक फोटो पाठवला होता. संघाने सामना जिंकल्यावरचा, कुणीतरी कुठल्यातरी पानावर टाकलेला, तिथून उचलून नणंदेपर्यंत आलेला. त्यात भिंगरी हसत होती आणि शेजारी एक मुलगा होता. खाली नणंदेचं वाक्य, "वहिनी, मुलीकडे लक्ष आहे ना?" त्या बाईने आयुष्यात कधी स्वतःच्या पोरांकडे बघितलं नव्हतं, पण आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून!

कात्रीने फोटो मुलीच्या नाकापुढे धरला. "कोण हा?"

"गुण लिहितो."

"खांद्यावर हात टाकून लिहितो?"

"हात मी टाकलाय. नीट बघ तरी."

"वर तोंड करून सांगतेस!"

"मग खोटं सांगू? जिंकलो होतो आम्ही. तू बघायला आली होतीस का? नाही. फोटो बघतेस आणि..." पुढचं वाक्य भिंगरीने बूट घालता घालता गिळलं, दप्तर उचललं आणि दार आपटून निघून गेली.

भांडण अर्धं राहिलं की कात्रीला अन्न गोड लागत नसे. मशीनवर बसली तर दोरा तुटला. पुन्हा ओवला तर सुई तुटली. तेवढ्यात नणंदेचा पुन्हा निरोप, "आमच्या बायकांच्या ग्रुपवरही आलाय तो फोटो. मी म्हटलं, ओळखत नाही."

कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळखत नाही म्हणे! तिने फोन उचलला आणि भिंगरीच्या चोरखिशातल्या फोनवर लावला. भिंगरीने घेतला नाही. पुन्हा लावला. घेत नाही म्हणजे काय? मुद्दाम घेत नाही. तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला, आणि मनातल्या मनात सकाळचं अर्धं भांडण पुरं करत राहिली. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. त्यात शाळेची वेळ दिसत होती. पण रागाच्या भरात माणसाला घड्याळ दिसतं का कधी?

शेवटी कुणीतरी फोन उचलला.

"आता बोल, कार्टे!" कात्री कडाडली. "कुणाच्या गळ्यात पडून उचलत नव्हतीस?"

 पलीकडून चाळणीचा थंड आवाज आला. "मी शाळेतून बोलतेय. मुलगी गणिताच्या वर्गात होती. तुम्ही ताबडतोब या."

 दुकान उघडं टाकून ती निघाली. पण ही बाई घाबरली की तिला रडू येत नसे, राग येत असे. शाळेपर्यंतच्या रस्त्यात तिने पूर्ण भाषण तयार केलं. माझ्या पोरीच्या अंगाला हात लावून झडती घेता? स्पर्धा तोंडावर आलीये आणि तुम्हाला हे सुचतं? बघतेच एकेकाला!

हेडसरांच्या खोलीचं दार ढकललं आणि भाषण घशातच राहिलं. टेबलावर भिंगरीचा स्कर्ट पसरलेला होता, उलटा, अस्तर वर. खिशाची झडप उघडी. कोपऱ्यावरची ती त्रिकोणी टीप दारातूनसुद्धा दिसत होती. भिंगरी खेळाची विजार घालून खुर्चीच्या कडेला बसली होती. डोळे कोरडे, पण ओठ पांढरे पडलेले. खिडकीजवळ चाळणी उभी. तिने कात्रीकडे बघितलं, आणि तिचा डावा हात कोटावर गेला, बरोबर त्या जागी.

कात्रीला कळलं. चाळणीने टीप ओळखली होती.

"बसा," हेडसर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना माणसांपेक्षा नियम लवकर कळत. "खिशातल्या फोनने बाक थरथरत होता. सारखा. सगळा वर्ग हसत होता. तुम्हीच लावत होतात ना?"

"हो. काम होतं."

"म्हणजे मुलीकडे दुसरा फोन आहे हे तुम्हाला माहीत होतं."

कात्रीने पदर सारखा केला.

"ते मी सोडून देतो एक वेळ. आईची काळजी समजू शकतो. पण हा खिसा." त्यांनी अस्तरावर बोट ठेवलं. "हा कुणी शिवला? मी स्पष्ट बोलतो ताई, गणवेशाचं काम तुमच्याकडे आहे. शाळेनेच विश्वासाने दिलंय. जर गणवेश शिवणाराच असे खिसे शिवून देत असेल, तर ते काम मला आजच काढून घ्यावं लागेल. आणि मुलीचं म्हणाल, तर तिला जर हे घरातून अंगावर घालून पाठवलं असेल, तर तिची चूक नाही असं मी धरेन. तिने खेळावं. पण तिने स्वतः केलं असेल तर नियम तिलाही लागू. वर्षभर मैदान बंद."

भिंगरीने मान वर केली आणि आईकडे बघितलं.

ती वाट बघत होती. आईला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मी शिवला. दोन शब्द. जिच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून थांबला नव्हता, तिला दोन शब्द काय जड होते?

कात्रीच्या डोळ्यांपुढे दुकान आलं, भिंतीला लावलेले गणवेशाचे तागे आले, रिकामी मशीन आली. "सर," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला, "आजकालच्या पोरी काय काय करतात, आपल्याला घरात राहून तरी कळतं का?"

भिंगरीने आईवरची नजर काढून घेतली. टेबलाकडे बघत म्हणाली, "मी शिवला."

"तू?"

"हो. मशीन घरातच आहे."

या मुलीला धड बटण लावता येत नव्हतं. सुई बोटात टोचली की ती सुई फेकून द्यायची. हे आईला माहीत होतं, आणि चाळणीलाही माहीत होतं, कारण वर्गातल्या शिवणाच्या तासाला तिनेच तिला रुमाल उसवून परत शिवायला लावला होता.

हेडसरांनी कौतुकाने टीप न्याहाळली. "हात चांगला आहे तुझा. चांगल्या कामाला लावला असतास तर?"

"मुलगी कबूल करतेय, सर," चाळणी म्हणाली. "विषय संपला."

विषय संपला! कात्रीच्या अंगाची लाही लाही झाली. उभी राहून सांगते कोण? कोटात काय आहे हिच्या? कात्रीच्या हातात फोन होता. टेबलाखाली, मांडीवर, तिचा अंगठा आपोआप चालला आणि 'कोटवाली'वर येऊन थांबला. एकदा दाबायचं. तो राखाडी कोट या खोलीत, हेडसरांच्या समोर वाजला असता. सगळ्यांना नियम ना? मग होऊन जाऊ दे! पण कोट उघडला की खिसा दिसणार, दोन्ही खिसे शेजारी शेजारी येणार, आणि आंधळ्यालाही कळेल की ते एकाच हातचे.

शेजारून भिंगरी तो अंगठा बघत होती. तिने पडद्यावरचं नाव वाचलं होतं. कोट पोचवायला तीच तर गेली होती.

चाळणीही काही दुधखुळी नव्हती. तिने खाकरून घसा साफ केला. "सर, पुढच्या वर्षी मुलींचा गणवेश बदलायचाय ना? नवा नमुना. ते कामही ताईंकडेच देऊ या. मुलीची चूक आईच्या पोटावर कशाला?"

"तेही बरोबर आहे," हेडसर म्हणाले.

कात्रीचा अंगठा सरकला. पडदा काळा झाला. तेरी भी चुप, मेरी भी चुप. आणि मध्ये पोरगी बसली होती.

हेडसरांनी शेरा लिहिला. स्पर्धेला दुसरी कप्तान जाईल, असं खेळाच्या शिक्षकांना कळवायला सांगितलं. भिंगरीने उठून स्कर्टची घडी घातली आणि काखेत धरली.

बाहेर रस्त्याला लागल्यावर कात्रीला वाचा फुटली. ती मागून चालत होती आणि बोलत होती. लाज वाटत होती तिला, आणि लाज वाटली की तिची जीभ दुप्पट चालायची. "माझ्याकडे अशी काय बघतेस? काम गेलं असतं तर खाल्लं काय असतंस, बॉल? तुझ्या बापाला आहे का घराची पर्वा? सगळं मीच बघायचं. आणि ती चाळणी, ती तर सापासारखी! बघतेच तिला. आणि तू तरी फोन बंद करून ठेवायचास ना? थरथरतोय तर हात घालून बंद करता येत नाही?"

भिंगरी थांबली. वळली. ती आईपेक्षा वीतभर उंच होती, आणि हे कात्रीला आत्ताच दिसल्यासारखं झालं.

"तू तिला फोन लावणार होतीस."

कात्रीने हातातला फोन पदराआड घेतला.

"मी बघितलं. का नाही लावलास?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला गणिताच्या तासाला लावलास. मी मांडीवर हात दाबून बसले होते, आई. म्हटलं थांबेल. आता थांबेल. तू थांबलीच नाहीस. मला लावताना तुझा अंगठा एकदाही अडला नाही. आणि तिथे एकदाच दाबायचं होतं." तिचा आवाज तिथे फाटला. "मला वाटलं, तू निदान म्हणशील तरी."

"अगं, ऐक..."

"नको. नको ऐकवूस." आणि ती लांब लांब ढांगा टाकत पुढे निघून गेली. कात्रीला तिच्या चालीने चालणं जमेना.

घरी आल्यावर भिंगरीने स्कर्ट मशीनवर टाकला. "हा खिसा उसव," एवढंच म्हणाली. कात्री उसवायला बसली. चांगली टीप घातली होती तिने, वजनाने सुटू नये अशी, त्यामुळे कापड ओरबाडल्याशिवाय ती निघेना. शेवटी अस्तर फाटलं.

स्पर्धेच्या दिवशी संघाची गाडी गल्लीच्या तोंडावरूनच गेली. मुलींचा आरडाओरडा दुकानापर्यंत ऐकू आला. कात्री नव्या गणवेशाचं कापड बेतत होती. सकाळीच चाळणीने नमुना पाठवला होता, आणि सोबत निरोप, माझाही एक कोट टाका, मापं तुमच्याकडे आहेतच. कात्रीने निरोप वाचून एक सणसणीत शिवी हासडली आणि कापडावर खडूने रेघ ओढली.

आत, घरात, काहीच आवाज नव्हता. भिंतीवर बॉल आपटत नव्हता. भिंगरी घरात आहे की गेली कुठे? दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता नुसता. हाक मारली असती तरी चाललं असतं. पण या चार दिवसांत मारलेल्या एकाही हाकेला ओ आली नव्हती, आणि सातआठ पावलं चालून पडदा सरकवायचा, तर त्या पोरीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

कात्रीने फोन उचलला आणि तिला लावला.

पडद्यापलीकडे फोन वाजायला लागला. अगदी जवळ, पलंगाशी. वाजत राहिला. खाट कुरकुरली, म्हणजे भिंगरी तिथेच बसली होती, फोनच्या शेजारी. वाजून वाजून तो थांबला.

कात्रीने खडू खाली ठेवला आणि पुन्हा लावला.